एका पायावर रोहित

हसा! तुमी बी हसा! मांडवाच्या गेटावरची पोरं हसली, आचारी हसला, त्यो जनरेटरवाला, ज्याची माझी ओळख न्हाय पाळख न्हाय, त्यो सुदिक मला बघून एक पाय वर करून उभा ऱ्हायला... मग तुमीच तेवढं का मागं ऱ्हाता? पण हसायच्या आधी एकदा ऐकून तरी घ्या मंडळी, कारण ह्यात माझी चूक काय हाय ते मला अजून कुणी पटवून दिल्यालं न्हाय. सरका जरा, ह्या कूलरम्होरं बसू द्या. फेटा असला आवळलाय बांधणाऱ्यानं, की डावा कान कुठं गेला ते कळंना! तुमाला सांगतो सगळं. आपल्याला काय, आपण मामा.

तर आमची मोना. माज्या थोरल्या बहिणीची, चंद्राआक्काची पोरगी. पिंपळीला आक्काची बागायत, टोमॅटो, दोडकी, काकडी, आणि बांधाला बांध लागून माझी. मोना बारामतीला दूध डेअरीत, लॅबमधी. दुधात पाणी किती ते ती एका नळीत बघून सांगती. पोरीचं लग्नाचं बघायचं चाललेलं, आणि ते बघायचं काम कुणाकडं? माज्याकडं! का? तर मामा ना! मी तीन स्थळं आणली, तिन्ही उडून गेली. एकाला पोरगी उंच वाटली, एकाला पिंपळी लांब वाटली, आणि तिसऱ्याला काय वाटलं ते त्यानं फोन उचलला तर कळायचं!

आता मोनाचे वडील, आमचे दाजी, मोहनराव. हा माणूस बोलत न्हाय. दिवसात चार वाक्यं बोलला, तर त्यातली तीन पाण्याच्या मोटारीला. पण गेल्या साली आळीतल्या एका पोरीनं आपलं आपण लग्न ठरवलं, त्या सांजच्याला जेवताना दाजींनी ताटावरची मान वर केली आणि एकच वाक्य बोलले, "माझ्या पोरीचं मी बघून देणार. तिनं तिचं बघितलं, तर मी मांडवात पाय ठेवायचा न्हाय." झालं! परत मान खाली, भाकरी चालू. मोनानं ऐकलं, आक्कानं ऐकलं, मी ऐकलं. ते वाक्य तेवढं ध्यानात ठिवा, म्होरं लागणार हाय.

एक दिवस मोना माज्या गाडीवर मागं बसलेली, मी तिला डेअरीवर सोडाय चाललोय, आणि पोरगी अगदी सहज, वाऱ्यावर सोडल्यावानी म्हणती, "मामा, ते इंदापूरचे महिपतराव, ठिबकच्या दुकानवाले, तुमचे दोस्त ना? त्यांना मुलगा आहे ना हो कुणीतरी?" मी कचकन ब्रेक दाबला! डोक्यात ट्यूब पेटली! महिपतरावाचा रोहित! जनावरांचा डॉक्टर, घरचं दुकान, एकुलता एक, आणि हे मला दोन वर्सं सुचलं कसं न्हाय? मी तसाच मागं वळून म्हणलं, "मोने, तुला स्थळ सापडलं!" तर ती म्हणती, "अय्या मामा, तुम्हाला कसं सुचतं हो असं?"

मी आक्काच्या घरात छाती काढून फिरत हुतो बगा आठ दिस.

पण पोरीनं अट घातली. "मी पोह्याचा ट्रे घेऊन बाहेर येणार न्हाय. नदीच्या काठाला ते नवं निसर्ग उद्यान झालंय ना, डाळजच्या अंगाला, तिथं भेटू. त्यांना इंदापुरातनं मधे, आपल्याला पिंपळीतनं मधे. आम्ही दोघं चालत चालत बोलू." आक्का म्हणाली, "चालत चालत? पोरगी बघायची का वरात काढायची?" पण दाजींनी मान हलवली. कुठल्या बाजूनं हलवली ते नीट दिसलं न्हाय, पण आमी व्हय धरलं. आपल्याला काय, आपण मामा. पिकअपमधले टोमॅटोचे क्रेट उतरवले, सीट पुसली, निघालो.

आता ते उद्यान म्हंजी काय हाय ते सांगतो. भीमेचं पाणी पसरलंय, काठाला बाभळी, बाभळीतनं मुरमाची वाट, आणि त्या वाटंला पाटी, 'निसर्ग वाट'. अवं, मी जन्माला आल्यापास्नं असल्या वाटंनं चाललोय, डोक्यावर वैरणीचा भारा घेऊन चाललोय, माज्या वाटंला कुणी पाटी लावली न्हाय! फुडं दुसरी पाटी, 'येथे मुंगूस दिसू शकते.' दिसू शकते! म्हंजी दिसंलच असं न्हाय. माज्या गोठ्यामागं रोज दिसतं, हमखास, ऐन दुपारी, पण तितं कोण येतंय बघाय? आणि लोकं पुण्यास्नं गाड्या भरभरून आल्याली, चिखल बघत्यात, शेवाळ बघत्यात, आणि म्हणत्यात, "वॉव!" चिखलाला वॉव! आमच्या दोडक्याच्या फडात या की, पाणी सोडल्यावर वॉवच वॉव हाय!

ऱ्हाऊ द्या. तर आमी गेटावर पोचलो आणि मी बघतो तर काय, ही मोठी पाटी, ताज्या रंगानं लिवल्याली, 'पाहुणे आले आहेत! कृपया शांतता राखा.' मी गारच पडलो. म्हणलं, आक्का, वजन बघ महिपतरावाचं! पोरगी बघाय येणार म्हणून पाटी लावून घेतली! आक्कानं पदर सावरला. दाजींनी टोपी नीट केली. आता मला सांगा, पाव्हणे म्हणलं की तुमाला काय आठवतं? माणसं का पाखरं? खरं सांगा! मग?

म्होरं आली ती करुणा. ही तितली माहिती सांगणारी, खाकी टोपी, गळ्यात दुर्बीण, बोलणं असं सावकाश आणि गोड, की माणसानं आपलंच गाऱ्हाणं सांगावं. तिनं मोनाला बघितलं आणि तोंड भरून हसली, "अगंबाई, ताई, आज घरचे पण..." आणि मोनाला खोकला आला. असला खोकला, असला खोकला, मी म्हणलं पोरीला मुरमाची धूळ सोसत न्हाय. राखणदारानं पण तिला सलाम ठोकला. तितला एक कुत्रा आला आणि तिच्या पायात लोळला. पाण्याचा नळ कुठं, सावलीचं बाकडं कुठं, तिला सगळं ठावं! मी आक्काला म्हणलं, "शिकल्याली हाय, पाट्या वाचती."

करुणा आक्काला म्हणाली, "काकू, पाहुणे बघायला आलात ना?"

आक्का म्हणाली, "व्हय."

"मग ही लाल साडी नाही चालणार. पाहुणे बिथरतात."

आक्काचा चेहरा तुमी बघाय पायजे हुता! कपाटातली ठेवणीतली इरकल, लालभडक, दाजींनी स्वतः आणल्याली, जन्मात तेवढी एकच वस्तू त्यांनी आपणहून आणली. आक्का मला बाजूला घेऊन म्हणती, "गोकुळ्या, अजून बोलणी न्हाईत, आणि आत्तापास्नं साडीच्या रंगावर आलं हे? म्होरं काय काय हुईल?" मी म्हणलं, "आक्का, चार घटका सोस, डॉक्टर जावाई मिळतोय." मग पिकअपमधली क्रेटवर टाकायची मळकी चादर आणली आणि आक्काला गुंडाळली. सोयरीक जुळवाय आल्याली बाई, आणि दिसती कशी, तर मार्केट यार्डाला निघाल्याली!

तेवढ्यात महिपतरावाचा फोन. "गोकुळराव, आमी हायवेला थांबलोय, मंडळींस्नी चहा पायजे. रोहित आपल्या गाडीवर फुडं गेलाय, पोचला आसंल बगा." मी सगळ्यांस्नी सांगितलं. मोना म्हणाली, "मी जरा वाट बघते." आणि गेली की बाभळीत! मला वाटलं त्याची वाट बघती, मग वाटलं चालायची वाट बघाय गेली. आता कळतंय, दोन्ही खरं हुतं.

मग मी काय करणार? जबाबदारी माझी. गेलो करुणाकडं, घसा साफ केला आणि दबक्या आवाजात, कारण पाटी हाय शांततेची, इचारलं, "का ओ, रोहित आलेत का?"

"आलेत की!" ती म्हणाली. "सकाळीच आलेत."

सकाळीच! बघा उरक पोराचा! मी म्हणलं, "कुठं हायत?"

"त्या तिकडं, पलीकडच्या चिखलात उभे आहेत."

"चिखलात?"

"त्यांना चिखलच आवडतो."

मला भरून आलं. डॉक्टर झाला, पण मातीला इसरला न्हाय! म्हणलं, "जेवलेत का?" तर म्हणती, "जेवण चालूच आहे त्यांचं, दिवसभर. मान खाली घालून." मान खाली घालून! हल्लीची पोरं जेवताना मोबाईलात बघत्यात, आणि हा मान खाली घालून! पोराला मी लहानपणी बघितल्यालं, म्हणून इचारलं, "दिसाय कसे हायत?" ती म्हणाली, "गुलाबी! ऊन पडलं की बघत राहावं. आणि पाय काय लांब, नुसते पायच पाय." उंचीचा प्रश्न मिटला, मोना उंच हाय. म्हणलं, "आता काय करत्यात?"

आणि ती म्हणाली, तुमाला सांगतो, हेच म्हणाली, मी ह्यातला एक शब्द इकडचा तिकडं केला न्हाय. म्हणाली, "रोहित एका पायावर उभे आहेत."

एका पायावर! आता आपल्यात एका पायावर उभा म्हंजी काय वो? तयार! अगदी उतावीळ! तुमी काय दुसरा अर्थ काढला असता? ती म्हणाली, "दुर्बीण लावून देऊ का?" मी म्हणलं, "छ्या! जावयाला दुर्बिणीनं बघायचं? शोभतं का?" म्हणलं, जवळ जाऊन भेटतो. तर म्हणती, "जवळ नका जाऊ, उडून जातील." आता मला तीन स्थळांचा अनुभव! मी जागचा हललो न्हाय.

तसाच फोन लावला. "महिपतराव, तुमचा रोहित एका पायावर उभा हाय! आमीबी तयार! हितंच उरकून टाकू!" महिपतराव म्हणतोय, "अवं, आमी पोरगी बघितलीबी न्हाय अजून!" मी म्हणलं, "त्यानं बघितली, भागलं!" तवा त्यो हसला आणि म्हणला, "बरं, मग पेढे घेऊनच येतो." आक्कानं माज्यावरनं बोटं मोडली. चादरीतनं हात काढून मोडली. दाजी बाकड्यावर जरा ऐसपैस बसले. मी म्हणलं, गोकुळ, चौथ्याला जमलं रं बाबा!

हितं थांबलो असतो, तर आज माज्याकडं बघून कुणी एक पाय वर केला नसता. पण न्हाय!

तितं बांबूचा आडोसा हाय, त्याच्या फटीतनं पाण्याकडं बघायचं. आमी तिघं अलीकडं सावलीला, आणि आडोशाच्या पलीकडं करुणा पुण्याच्या मंडळींस्नी काय काय सांगतेली. पयलं मी लक्ष दिलं न्हाय. मग कानावर आलं, "रोहितचा हा गुलाबी रंग मूळचा नाही बरं का. लहानपणी ते काळपट असतात. खाण्यामुळं रंग येतो."

आक्का म्हणाली, "ही बया त्याचा रंग कुणाला सांगती रं?" मी म्हणलं, असू दे, काळासावळा बी चालंल. फुडं आलं, "एका जागी रोहित फार थांबत नाहीत. खाणं संपलं की निघाले दुसरीकडं." दाजी माज्याकडं बघाय लागले. मी म्हणलं, डॉक्टरकीत बदल्या असत्यात. आणि मग... मग ती बाई, त्याच गोड आवाजात, काय म्हणाली? "आणि गंमत म्हणजे, रोहित बहुतेक दर वर्षी जोडी नवी करतात. गेल्या वर्षीची सोबतीण यंदा नसते."

आक्का मटकन खाली बसली. दर वर्षी! आणि पुण्याची माणसं हसतेली! गंमत म्हंजी! ह्यात गंमत कसली? आमची पोर काय वर्साच्या कराराची हाय का? आणि दाजी उठले. त्या दिसातलं त्यांचं पयलं वाक्य, "गोकुळ, गाडी काढ."

आणि नेमका तवाच महिपतराव आला. म्होरं त्यो, मागं त्याची मंडळी, हातात पेढ्याचा पुडा, तोंडावर हे एवढं हसू. "काय इव्हाई!"

माझी जी तार सटकली! मी पाटी बघितली न्हाय, शांतता बघितली न्हाय, बोंबच मारली. "कुणाचा इव्हाई? तुमचा रोहित दर साली नवी जोडी करतो! मागल्या सालची कुठं हाय ते सांग आधी!"

महिपतराव पांढराफटक! "कोण म्हणतं?"

"ही सरकारी टोपीवाली बाई म्हणती! साऱ्या पुण्याला म्हायती हाय! तुलाच तेवढं म्हायती न्हाय!"

मग महिपतराव वराडला, मी वराडलो, त्याची मंडळी वराडली, आक्कानं चादर फेकून दिली, लाल साडीत उभी ऱ्हाऊन ती वराडली... आणि पाण्याच्या बाजूनं असा आवाज आला, फडाडाडाड! सगळं आभाळ गुलाबी झालं वो. शेकड्यानं पाखरं उठली, लांब मान, लांब पाय, डोक्यावरनं गेली. करुणा पळत आली, "अहो, गेले ना सगळे पाहुणे!" आक्का म्हणाली, "जाऊ द्यात! असले पाव्हणे आमाला नकोतच!"

आणि तेवढ्यात बाभळीच्या गचपणातनं, जितं पाटी हाय 'पायवाट सोडून जाऊ नये', बरोबर त्या पाटीमागनं, मोना बाहेर आली. केसात काड्या, ओढणीला कुसळं. आणि तिच्या मागनं एक पोरगा, त्याच्याबी पँटीला तीच कुसळं.

मोना रडत हुती. तिनं सगळं ऐकल्यालं. मला म्हणली, "मामा, खोटं आहे हे! साफ खोटं! तीन वर्षं ओळखते मी ह्याला! तीन वर्षं माझ्याशिवाय कुणाकडं बघितलं न्हाय ह्यानं!"

आणि मग त्या उद्यानात खरी शांतता झाली. पाटीवर मागितल्यापरास जास्ती.

करुणा हळूच म्हणाली, "मी... मी पक्ष्यांबद्दल बोलत होते." आणि आडोशावरच्या पाटीकडं बोट केलं. मोठं चित्र, गुलाबी पाखरू, एका पायावर, आणि खाली लिवल्यालं, 'रोहित (फ्लेमिंगो)'. आता मला सांगा! पिंपळीत त्याला फ्लेमिंगोच म्हणत्यात, पेपरात फ्लेमिंगोच लिवत्यात, ह्याचं नाव रोहित हाय हे मला पाखरानं येऊन सांगायचं का?

पण पाखराचं तवा कुणाला पडलं नव्हतं. सगळे दाजींकडं बघतेले. 'तिनं तिचं बघितलं, तर मी मांडवात पाय ठेवायचा न्हाय.' ते वाक्य तितं बाकड्यावर बसल्यावानी दिसत हुतं. डेअरीत जनावरांच्या डॉक्टरचं येणं-जाणं, तितं ओळख, आणि गेटावरचा सलाम, आणि कुत्रं, आणि खोकला... सगळं दाजींना एका दमात कळलं. मला जरा उशिरा कळलं. आणि कळलं तवा, खरं सांगतो, मला लई वाईट वाटलं. ही पोर माज्या खांद्यावर बसून बाजार फिरल्याली. मी म्हणलं, "मोने, मला तरी सांगायचं हुतंस." तर डोळं पुशीत म्हणती काय, "तुम्हाला सांगितलं असतं मामा, तर बारामतीपासून इंदापूरपर्यंत पाट्या लागल्या असत्या."

मी आपला रुमाल काढून तिच्या हातात दिला.

दाजी सावकाश चालत त्या पोराकडं गेले. मोनानं डोळं मिटून घेतलं. पोरगा पळताना अनवाणी आल्याला, चप्पल कुठं तरी गचपणात ऱ्हायलेली, आणि बाभळीचा हा एवढा काटा पायात मोडल्याला. पण दाजी म्होरं उभे, म्हणून त्यो खाली बसंना. डावा पाय हातात धरून, तोल सांभाळत, लालबुंद झाल्याला, तसाच उभा. दाजींनी त्याला खालनं वर बघितलं. मग खाली बसले, त्याचा पाय आपल्या गुडघ्यावर घेतला, नखानं काटा उपसला, फेकून दिला.

आणि माज्याकडं वळून म्हणले, "गोकुळ, तू काय खोटं बोलला न्हाईस. रोहित एका पायावर उभा हाय."

महिपतरावाच्या हातातला पुडा त्यांनी आपणहून घेतला, एक पेढा तोंडात टाकला, एक मोनाच्या हातावर ठिवला. पोरगी त्यांच्या गळ्यात पडली. आक्का रडली. पुण्याच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. करुणानं सगळ्यांस्नी परत शांतता राखाय सांगितली, आणि मला एकट्याला सांगितलं, की पाहुणे आता दोन दिवस तरी ह्या काठाला यायचे न्हाईत. मी माफी मागितली. पाखरांची मागितली, माणसांची कुणी मागूच दिली न्हाय.

तर सांगा, माझी चूक काय? स्थळ मी आणलं, असं मी समजत हुतो. पोरीनं ते माज्या कानात घातलं. जागा मी ठरवली, असं मी सांगत हुतो. पोरीची ती रोजची. सोयरीक मी मोडली, आणि मोडली म्हणून ती जुळली! ह्याला मराठीत काय म्हणत्यात म्हायती हाय? मामा बनवला म्हणत्यात! आणि बनवायला काय लागतं वो, आपण जन्मजात...

आँ? काय? गुरुजी बोलवत्यात? "मुलीचे मामा, मुलीला घेऊन या!" ऐकलंत ना? आलो, आलो! उठा, अक्षता घ्या... अरं, माझी चप्पल? हितंच काढल्याली, जोडीनं! एकच हाय! दुसरी कुणी नेली? मोनाच्या मैतरणींनी? नवऱ्याची सोडून मामाची? आणि खाली ह्यो मुरूम ऐन दुपारचा तापल्याला...

ऱ्हाऊ द्या, ऱ्हाऊ द्या. येतो तसाच, एका पायावर. आपल्याला काय, आपण मामा!